सर्व्हरांची खानेसुमारी

जगात काही प्रश्न असे असतात की, ते विचारणाऱ्याच्या मुद्रेवर अत्यंत निष्पाप भाव असतो आणि ऐकणाऱ्याच्या मुद्रेवरील रंग मात्र तत्काळ उडतो. ‘आपल्याकडे एकूण सर्व्हर किती आहेत?’ हा त्यांपैकी एक. नव्याने रुजू झालेल्या अधिकाऱ्याने तो पहिल्याच आठवड्यात विचारावा असा शिरस्ता आहे, आणि त्याची बदली होईपर्यंत त्याला उत्तर मिळू नये, हाही शिरस्ताच आहे. उत्तरे मिळत नाहीत असे नव्हे. ती गरजेपेक्षा अधिक मिळतात. हिशेब खाते खरेदीच्या पावत्यांवरून मोजते, आणि म्हणून त्याच्या आकड्यात, भंगारवाल्याने कधीच उचलून नेलेली परंतु घसाऱ्याची मुदत संपली नसल्यामुळे कागदोपत्री अद्याप हयात असलेली यंत्रेही समाविष्ट असतात. नेटवर्क खात्याची रीत निराळी. ते ‘पिंग’ नावाची हाळी घालते आणि जो जो ‘ओ’ देईल त्याची गणना करते. त्यामुळे त्याच्या खानेसुमारीत दोन प्रिंटर, जिन्यावरचा कॅमेरा आणि दारावरचे बोट टेकवून हजेरी घेणारे यंत्र यांनाही सर्व्हरपद प्राप्त झालेले असते. प्रत्यक्ष सर्व्हर सांभाळणारी मंडळी एक्सेलच्या एका तक्त्याकडे बोट दाखवतात. तो तक्ता ज्या गृहस्थाने रचला तो आता टोरांटोला स्थायिक झालेला असून, त्याला पाठवलेल्या दिवाळीच्या शुभेच्छांच्या शेवटी एखाद्या रकान्याचा अर्थ हळूच विचारून घेण्यात येतो. खरा आकडा एकट्या विजेच्या मीटरला ठाऊक असावा; पण त्याला युनिटे मोजता येतात, नग मोजता येत नाहीत.

या प्रश्नाला आज विशेष धार आली आहे ती अशासाठी की, गेल्या तीसेक वर्षांत सर्व्हरांना हुकूम सोडण्याचे शास्त्र कल्पनातीत पुढे गेले आहे. एका कळीच्या आघाताने हजार यंत्रांची घड्याळे जुळवावीत, हजार यंत्रांवरील पासवर्डाचा नियम बदलावा, हजार यंत्रांत एकच दुरुस्ती एका रात्रीत भरावी, अशी साधने आज फुकट मिळतात. इतका आज्ञाधारक सेवकवर्ग ना कोणा पेशव्याला लाभला, ना कोणा कलेक्टराला. अडचण एवढीच की, हुकूम कोणाकोणाला सोडायचा याची यादी मात्र पुन्हा माणसानेच ठेवलेली असते. आणि यादी अद्ययावत ठेवण्याच्या कलेत मनुष्यजातीने, बोरू टाकून की-बोर्ड घेतला यापलीकडे काही विशेष प्रगती केल्याचे दिसत नाही.

सर्व्हर बोटांवर मोजण्याइतके होते तेव्हा यादीची गरजच भासत नसे, कारण प्रत्येकाचे रीतसर बारसे झालेले असे. १९९० साली इंटरनेटच्या टिपणमालेत ११७८ या अनुक्रमांकाखाली, संगणकाचे नाव कसे ठेवावे याविषयी एक स्वतंत्र टिपण प्रसिद्ध झाले. त्यात यंत्राला स्वतःचे नाव देऊ नये, चालू प्रकल्पाचे नाव देऊ नये, एखादा विषय धरून त्यातील नावे ठेवावीत, असा वडीलकीचा उपदेश आहे. पुण्याकडच्या मंडळींनी हा उपदेश शिरोधार्य मानून गड-किल्ल्यांचा विषय धरला, आणि त्यातून जी भाषा जन्मास आली ती ऐकून इतिहासाच्या एखाद्या प्राध्यापकास भोवळ यावी. ‘सिंहगड पहाटे तीनला पडला, सहाला उभा केला’, ‘पुरंदरवर जागा उरली नाही, जुने काहीतरी काढून टाका’, ‘तोरण्याचा ताबा कोणाकडे आहे ते कोणीच सांगत नाही’, अशी वाक्ये चहाच्या टेबलावर कोणालाही न खटकता उच्चारली जात. एका कचेरीत राजगडावरील सर्व डेटा एका रात्रीत रायगडावर हलविण्यात आला, तेव्हा आपण केलेल्या कामास ऐतिहासिक आधार आहे ही गोष्ट त्या रात्रीच्या पाळीवरील एकाही कर्मचाऱ्याच्या ध्यानी आली नाही.

पुढे यंत्रे वाढली, किल्ले पुरेनात, आणि परदेशातून एक नवा सिद्धान्त आला. बिल बेकर नामक मायक्रोसॉफ्टच्या अभियंत्याने सुमारे २०१२ साली असे प्रतिपादन केले की, पूर्वी आपण सर्व्हरांना घरातल्या पाळीव प्राण्यांप्रमाणे वागवीत होतो, नाव ठेवीत होतो, आजारी पडले की शुश्रूषा करीत होतो. यापुढे त्यांना कळपातील गुरांप्रमाणे केवळ क्रमांक द्यावा, आणि एखादे आजारी पडले तर सरळ गोळी घालून दुसरे आणावे. हा सिद्धान्त ज्या देशात निघाला तेथे तो निर्विवाद असेल. परंतु ज्या प्रांतात पोळ्याच्या दिवशी बैलाची शिंगे रंगवून, अंगावर झूल घालून, त्याला पुरणपोळीचा घास भरवितात, त्या प्रांतात ‘गुरांप्रमाणे वागवा’ या आज्ञेचा अर्थ काय घेतला जाईल याचा विचार बेकर महाशयांनी केला नव्हता. परिणाम असा झाला की, सर्व्हरांची नावे जाऊन त्या जागी नुसती अक्षरे आणि आकडे आले खरे, पण दसऱ्याला त्यांची पूजा व्हावयाची ती होतेच. झेंडूची माळ कपाटाच्या दाराला लागते, आणि दर्शनी पट्टीवर कुंकवाचे बोट उठते. यंत्रात परवानगीवाचून झालेला प्रत्येक बदल टिपून वर कळविणारी जी स्वयंचलित साधने आहेत, त्यांच्या नजरेतून सुटणारा हा बहुधा एकमेव बदल असावा.

आता ही यंत्रे मोजायची कशी, हे पाहू. आपल्याकडच्या शाळांत आणि सरकारी कचेऱ्यांत जडसंग्रह नोंदवही नावाचा एक ग्रंथ असतो. खुर्चीच्या पायावर पांढऱ्या रंगाने घातलेला क्रमांक त्या वहीतील क्रमांकाशी जुळला पाहिजे, आणि निर्लेखनाची मंजुरी वरून येईपर्यंत, तीन पायांची, दोन पायांची, किंवा केवळ क्रमांक घातलेला पायच शिल्लक असलेली खुर्चीसुद्धा वहीत पूर्णावस्थेत विराजमान असते. सर्व्हरांच्या बाबतीत प्रकार नेमका उलट होतो. खुर्ची वहीत असते पण वर्गात नसते. सर्व्हर कपाटात असतो, वीज खातो, उष्णता सोडतो, कोणाचे तरी काम निमूटपणे करतो, पण वहीत नसतो. वहीचे रूपही आता पालटून तिचा एक्सेलचा तक्ता झाला आहे, तथापि शेऱ्याचा रकाना मात्र पूर्वीच्याच तेजाने तळपत आहे. ‘तात्पुरता (२०१४)’, ‘हात लावू नये’, ‘विचारून बंद करणे’ असे शेरे त्यात आढळतात. कोणाला विचारून, ते लिहिण्याची शेरे लिहिणाऱ्यांत प्रथा नाही.

तक्ता आणि वस्तुस्थिती यांची गाठ घालून देण्यासाठी कोणाला तरी प्रत्यक्ष जावे लागते. नवी मुंबईत ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात अशी सर्व्हरांची भवने आहेत. बाहेर मे महिन्याचे ऊन रस्त्याचे डांबर वितळवीत असते आणि आत एक तरुण स्वेटर घालून, कानावर पंख्यांचा अखंड घोष घेत, कपाटांच्या रांगेतून हिंडत असतो. एकेक कपाट सहा फुटांहून उंच, त्यात बेचाळीस घरे, प्रत्येक घर पावणेदोन इंचांचे. आणि प्रत्येक यंत्राचा अनुक्रमांक, तो सहज वाचता येऊ नये अशाच हेतूने शोधून काढलेल्या जागी, मुंगीच्या पावलांइतक्या अक्षरांत चिकटविलेला. तरुण फोनवर वाचतो, पुण्यातले साहेब तक्त्यात पाहतात.

“साहेब, पुढचे अक्षर बी आहे की आठ, ते कळत नाही.”

“अरे, समोर तू उभा आहेस. मी कोथरूडात बसलोय.”

अखेरीस साहेबांना युक्ती सुचते. बहुतेक सर्व्हरांना ओळख पटविण्यासाठी एक निळा दिवा असतो. दूरवरून आज्ञा केली की तो लागतो, आणि शेकडो यंत्रांतून नेमके ते यंत्र सापडते. माणसाच्या गर्दीत अशी सोय असती तर कित्येक जत्रांतील मुले वेळेवर घरी पोचली असती. साहेब आज्ञा सोडतात.

“लागला का दिवा?”

“लागला, साहेब.”

“मग घे त्याचा नंबर.”

“साहेब, तीन लागलेत.”

पूर्वी कोणी कोणी असेच शोधायला येऊन गेले होते. त्यांना यंत्र सापडले, दिवा विझवावयाचा राहिला.

या सर्व मानवी गोंधळास कंटाळून, यंत्रांनी आपली व्यवस्था आपणच ठेवावी असा विचार प्रथम ज्याने पद्धतशीरपणे मांडला तो मनुष्य भौतिकशास्त्रज्ञ असावा, यात आश्चर्य नाही. मार्क बर्जेस हा इंग्रज तरुण ऑस्लो विद्यापीठात सैद्धान्तिक भौतिकीचे संशोधन करीत असता, त्याच्या गळ्यात तेथील निरनिराळ्या जातकुळीच्या संगणकांची देखभाल पडली, आणि १९९३ साली त्याने सीएफइंजिन हे साधन तयार केले. त्यातील मूळ कल्पना मला आजही विलक्षण वाटते. यंत्राला ‘हे कर, मग ते कर’ असे सांगावयाचे नाही. ‘तू असा असावास’ एवढेच सांगावयाचे, आणि आपण तसे आहोत की नाही हे त्याने वारंवार तपासून, नसल्यास स्वतःस तसे करून घ्यावयाचे. आत्मपरीक्षणाचा हा नेम साधुसंतांनी दिवसातून एकदा सांगितला होता. सीएफइंजिन तो दर पाच मिनिटांनी पाळते. पुढे २००४ च्या सुमारास बर्जेस याने यावर एक तत्त्वज्ञानच उभारले. त्याच्या मते कोणीही दुसऱ्याच्या वतीने वचन देऊ शकत नाही; प्रत्येकाने फक्त स्वतःच्या वागणुकीपुरते वचन द्यावे, आणि वचन दिले म्हणजे ते पाळले जाईलच असे ऐकणाऱ्याने गृहीत धरू नये. नगरपालिकेच्या निवडणुकीत मतदान केलेल्या कोणासही हे तत्त्व नव्याने शिकवावे लागले नसते, परंतु संगणकशास्त्राला ते नवे होते.

मग अशा साधनांची रीघ लागली. २००५ मध्ये ल्यूक केनीझ याचे पपेट आले. २००९ मध्ये शेफ आले आणि त्याने कृती, पाकपुस्तक, सुरी अशी सगळी भांडीकुंडी संगणकाच्या खोलीत मांडली. २०११ मध्ये सॉल्ट आले, त्यात एक मास्टर आणि बाकी सारे मिनियन, म्हणजे जहागिरीचीच व्यवस्था. आणि २०१२ मध्ये मायकेल डीहान याचे अ‍ॅन्सिबल आले. हे शेवटचे नाव उर्सुला ले ग्विन या लेखिकेच्या १९६६ सालच्या कादंबरीतून आलेले. ताऱ्याताऱ्यांमधील अंतर तुच्छ लेखून निमिषार्धात निरोप पोचविणारे ते कल्पित यंत्र होते. प्रत्यक्षातील अ‍ॅन्सिबल, कोणी वेगळे सांगितले नाही तर, एका वेळी पाचच यंत्रांशी बोलते, आणि प्रत्येकाशी बोलण्यापूर्वी त्याची संपूर्ण कैफियत लिहून घेते; स्मृती किती, डिस्क किती, अनुक्रमांक काय, कोणती प्रणाली, कोणते घड्याळ. यंत्र हे सारे भाबडेपणाने सांगून टाकते. आपण कोणाचे आणि कशासाठी चालू आहोत, एवढे मात्र त्याला सांगता येत नाही. आणि यादीत नेमका तोच रकाना रिकामा असतो.

अ‍ॅन्सिबलमध्ये आणखी एक गंमत आहे. ज्या संगणकावरून हुकूम सुटतात त्यावर ‘काऊसे’ नावाचा जुना खेळकर प्रोग्राम असला, तर प्रत्येक कामाचा मथळा पडद्यावर एका गाईच्या तोंडी येतो. टिंबे, कंस आणि तिरप्या रेघा यांची ती गाय उभी राहते आणि ‘पासवर्डाचे धोरण बदलत आहे’ असे गंभीरपणे सांगते. ती आपोआप येते. ती नको असेल तर मात्र ‘गाई नकोत’ अशी स्पष्ट आज्ञा लिहून द्यावी लागते. बँकेचे व्यवहार पाहणाऱ्या यंत्रांची मध्यरात्रीची दुरुस्ती एक गाय जाहीर करीत आहे आणि चार जबाबदार अधिकारी हातात चहा घेऊन तिच्याकडे श्वास रोखून पाहत आहेत, हे दृश्य पाहिल्याखेरीज आधुनिक प्रशासनाची पूर्ण कल्पना येत नाही.

या साधनांचा खरा गुण, आणि येथे थट्टा बाजूस ठेवली पाहिजे, हा की त्यांना एकच हुकूम शंभर वेळा दिला तरी एकदाच दिल्यासारखा परिणाम होतो. जुन्या पद्धतीच्या स्क्रिप्टमध्ये ‘अमुक फाईलीत ही ओळ जोड’ असे लिहिलेले असे. ती बिचारी रोज रात्री चाले आणि रोज ती ओळ जोडी, आणि कालांतराने कोणी ती फाईल उघडली तर जपाची वही उघडल्याचा भास होई. नवे साधन ‘ही ओळ फाईलीत असावी’ एवढेच म्हणते. असली तर ‘ओके’ म्हणून पुढे जाते, नसली तर घालते आणि ‘बदलले’ असे पिवळ्या अक्षरांत नोंदवते. झालेले काम पाहून, ते झाले आहे असे ओळखून, पुन्हा न करणे हा गुण मी कचेऱ्यांत क्वचितच पाहिला आहे.

मात्र हे हुकूमनामे ज्या लिपीत लिहावे लागतात तिचे सोवळे फार कडक. यामल नावाच्या या लिपीत ओळ किती जागा सोडून सुरू होते यावर अर्थ ठरतो, आणि ती जागा टॅबच्या कळीने सोडलेली चालत नाही. स्पेसनेच सोडावी लागते. दोन स्पेसच्या जागी तीन पडल्या की सारे कार्य अपवित्र. शिवाय तिच्या १.१ या आवृत्तीत ‘एन-ओ’ ही दोन अक्षरे अवतरणचिन्हांवाचून लिहिली तर तिला ती ‘असत्य’ या अर्थाची वाटतात. देशांच्या संक्षिप्त नावांची यादी करू जाल तर तेच नॉर्वेचेही नाव आहे. आणि त्यामुळे भारत, स्वीडन, डेन्मार्क हे देश यादीत सुखरूप उतरतात आणि नॉर्वेच्या जागी ‘असत्य’ असा निर्वाळा मिळतो. ज्या ऑस्लोत या विद्येचा जन्म झाला, त्याच ऑस्लोच्या देशाचे अस्तित्व तिच्या वंशजांनी नाकारावे, याला पितृऋण फेडण्याची आधुनिक रीत म्हणावी काय?

यंत्राचा हट्ट आणि माणसाचा हट्ट यांची झुंज पाहावयाची असेल तर ती पपेटच्या राज्यात पाहावी. पपेटचा दूत दर तीस मिनिटांनी येऊन यंत्र ठरल्याप्रमाणे आहे की नाही ते पाहतो. रात्री दोन वाजता एखादा अभियंता, गिऱ्हाइकाच्या आरडाओरड्याने हैराण होऊन, ठरलेली वाट सोडून सरळ यंत्रात शिरतो, एक आकडा हाताने बदलतो, सगळे सुरळीत झाले म्हणून झोपतो. अडीच वाजता दूत येतो, बदललेला आकडा पाहतो आणि कर्तव्यबुद्धीने पूर्ववत करतो. पुन्हा फोन, पुन्हा बदल, पुन्हा दूत. चार वाजता अभियंता दूतालाच रजेवर पाठवितो. तशी आज्ञा आहे, आणि तीत कारण लिहिण्याची सोयही आहे; कारण म्हणून तो ‘तात्पुरते’ एवढाच शब्द लिहितो. त्या दिवसापासून ते यंत्र संन्यस्त होते. बाकीच्यांत दुरुस्त्या होतात, त्याच्यात होत नाहीत. बाकीच्यांचे कुलूप बदलते, त्याचे जुनेच राहते. आणि यादीत मात्र ते इतरांच्या मांडीला मांडी लावून बसलेले असते.

असे एक मागे राहिलेले यंत्र काय करू शकते, याचा दाखला अमेरिकेच्या रोखे आयोगाच्या दप्तरी आहे. नाईट कॅपिटल ही शेअरबाजारातील मोठी पेढी. १ ऑगस्ट २०१२ रोजी सुरू होणाऱ्या नव्या व्यवहारासाठी तिच्या आठ सर्व्हरांवर नवी प्रणाली हाताने चढविण्यात आली. सातांवर चढली, आठवा राहिला. कोणी दुसऱ्याने पडताळा पाहण्याची रीत तेथे नव्हती. आठव्यावर, २००३ पासून कोणी न वापरलेला परंतु कोणी न काढलेलाही एक जुना विभाग झोपी गेला होता. आणि तो ज्या खुणेने जागा होत असे तीच खूण नव्या प्रणालीने आपल्या कामासाठी घेतली होती. सकाळी साडेनऊला बाजार उघडला आणि तो उठला. सुमारे ४५ मिनिटांत त्याने चाळीस लाखांहून अधिक सौदे केले, आणि पेढीचे ४६ कोटी डॉलरांहून अधिक नुकसान झाले. बाजार उघडण्यापूर्वीच यंत्रांनी त्या जुन्या विभागाचे नाव घेऊन ९७ पत्रे कर्मचाऱ्यांना ईमेलने पाठविली होती. पण अशी पत्रे वाचावयाची असतात अशी तेथे समजूत नव्हती. ज्या कोणाला रोज सकाळी यंत्रांकडून आलेल्या पत्रांची चळत न उघडता बाजूस सारण्याची सवय आहे, त्याने यावर हसण्यापूर्वी थोडा विचार करावा. पण खरा कळस पुढेच आहे. घोटाळा ध्यानी आल्यावर, दोष नव्या प्रणालीचा असणार असे ठरवून मंडळींनी ती ज्या सात यंत्रांवर बिनचूक बसली होती तेथून घाईघाईने काढून टाकली. आणि मग आठव्याचा रोग आठांनाही जडला.

यावरून कोणी म्हणेल की, आठही यंत्रांवर एकदम हुकूम बजावणारे साधन असते तर हे घडते ना. बरोबर आहे. परंतु सर्वांवर एकदम बजावलेल्या हुकुमाचीही एक बखर आहे. मे २०१४ मध्ये अमेरिकेतील एमरी विद्यापीठात, काही संगणकांवर विंडोज नव्याने बसविण्याचा हुकूम चुकून विद्यापीठातील तमाम विंडोज यंत्रांना सुटला. लॅपटॉप, टेबलावरचे संगणक, सर्व्हर, सगळे निष्ठेने स्वतःला पुसून कोरे होऊ लागले. हा हुकूम ज्या सर्व्हराने सोडला तोही विंडोजवरच चालत असल्यामुळे यादीत होता. आणि मंडळी त्याला थांबवावयास पोचेतो, त्याने स्वतःच स्वतःचा हुकूम मानून आपलीही पाटी कोरी करून टाकली होती. आज्ञापालनाची इतकी पराकाष्ठा मी पुराणांतही वाचलेली नाही. तेथे निदान कोणी तरी देव शेवटच्या क्षणी हात धरतो.

तेव्हा फिरून सगळे यादीवरच येते. आणि यादी म्हणजे काय, याविषयी या क्षेत्रात दोन पंथ आहेत. एक पंथ वस्तुवादी. ओसीएस इन्व्हेंटरीसारखी साधने बाळगणारा हा पंथ म्हणतो की, यंत्रालाच विचारा, ते सांगेल ते लिहा, आहे तेच सत्य. दुसरा पंथ विधिवादी. डिजिटलओशन या कंपनीत जन्मून २०१६ साली जगास खुल्या झालेल्या नेटबॉक्सचे अनुयायी म्हणतात की, यादीत काय आहे ते लिहू नये, काय असावे ते लिहावे. माणसाने विचारपूर्वक हाताने भरावे, आणि यंत्र त्याबरहुकूम नसेल तर यंत्र चुकले असे समजावे. मला हा दुसरा पंथ तर्कदृष्ट्या अधिक निर्दोष वाटतो. त्याला एकच विघ्न आहे. माणसाने विचारपूर्वक हाताने भरावे, हे त्याचे पहिलेच वाक्य. दोन्ही पंथ आपल्या यादीला ‘सत्याचा एकमेव स्रोत’ म्हणतात, आणि एका मध्यम आकाराच्या कंपनीत असे एकमेव स्रोत मी सहजी चार पाहिले आहेत. त्यांचा परस्परांशी मेळ घालण्यासाठी पाचवा तयार होत होता.

बेवारस यंत्राचा निकाल लावण्याची जी प्रचलित पद्धत आहे तिला या धंद्यात ‘स्क्रीम टेस्ट’ म्हणतात. प्रथम सर्व खात्यांना ईमेल जाते. तिचा मसुदा वर्तमानपत्रातील जाहीर नोटिशीवरून घेतलेला असतो, म्हणजे सदर यंत्रावर कोणाचा हक्क, हितसंबंध, बोजा वा वहिवाट असल्यास पंधरा दिवसांचे आत पुराव्यानिशी कळवावे, अन्यथा तसा कोणाचा हक्क नाही, असल्यास तो सोडून दिला आहे, असे समजण्यात येईल. कोणी उत्तर देत नाही, कारण कोणी वाचत नाही. मग यंत्राची नेटवर्कची तार काढतात आणि कोण ओरडते याची वाट पाहतात. वीज बंद करीत नाहीत. म्हातारे यंत्र एकदा निजले की पुन्हा उठेल याचा भरवसा नसतो. जाणती मंडळी तिमाहीचा शेवट उलटेपर्यंत थांबतात, कारण वर्षातून चारच वेळा वापरली जाणारी यंत्रे हटकून हिशेब खात्याची असतात आणि ते खाते ३१ मार्चलाच ओरडते.

अशाच एका यंत्राच्या बाबतीत कोणीही ओरडले नाही. तिमाही गेली, मार्च गेला, सर्वत्र शांतता. तेव्हा ते काढून टाकावे असे सर्वानुमते ठरले आणि निर्लेखनाचा अर्ज भरावयास घेतला. अर्जात पहिलाच रकाना नोंदवहीतील अनुक्रमांकाचा. तो भरल्याखेरीज पुढचे पान उघडेना. यंत्राला अनुक्रमांक नव्हता, कारण ते नोंदवहीत कधी चढलेच नव्हते. सबब, खारीज करता यावे म्हणून ते प्रथम दाखल करण्यात आले. खरेदीची तारीख ठाऊक नसल्याने त्या दिवशीची घालण्यात आली, नवा कोरा क्रमांक चिकटविण्यात आला, आणि हिशेब खात्याने त्यावर घसाऱ्याची पाच वर्षांची मुदत बसविली. नोंदवहीतून रात्री आपोआप यादी उचलणाऱ्या अ‍ॅन्सिबलने ते नवे नाव पाहिले, त्याला हाक मारली आणि तार काढलेली असल्यामुळे उत्तर न मिळाल्याने, सकाळच्या अहवालात ‘पोचता आले नाही : १’ असे तांबड्या अक्षरांत नोंदविले. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. अहवाल वर मोठ्या साहेबांकडे जात असे आणि तांबडे अक्षर त्यांना खपत नसे. चौथ्या दिवशी रात्रपाळीच्या एका समजूतदार माणसाने जाऊन तार पुन्हा जोडून दिली.